कापसाच्या भावात सरकीचा वाटा

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाची गाडी लागली की व्यापारी मूठभर कापूस उचलतो, धागा ओढून पाहतो, ओल आणि कवडी बघतो. भाव मात्र एकट्या धाग्यावर ठरत नाही. 100 किलो कापसातून साधारण 34-35 किलो रुई निघते आणि 63-64 किलो सरकी उरते. राहिलेले किलो-दोन किलो ही घट: ओल, पातेरा, माती. म्हणजे वजनाने पाहिलं तर आपण कापूस म्हणून विकतो ते बरंचसं बी.

जिनिंगमध्ये दोन्ही वेगळी कशी होतात? डबल रोलर जिनचा कातडी रोलर खरखरीत असतो. तंतू त्याला चिकटतात आणि रोलरला दाबून बसवलेल्या पक्क्या पात्याखालून ओढले जातात. बी त्या फटीतून जाऊ शकत नाही, अडकून राहतं. हलतं पातं त्याला ठोके देतं, तंतू सुटतात, सरकी जाळीतून खाली पडते. पुढे रुई दाबून 170 किलोची गाठ बांधली जाते.

या सरकीवर आखूड लव राहतेच. पूर्वी घरची सरकी पेरताना ती एकमेकींना चिकटू नये म्हणून शेणामातीत चोळून घ्यायचे. आता संकरित बियाण्याचं पाकीट दरवर्षी दुकानातूनच येतं, त्यामुळे जिनातली सरकी तेलघाण्याकडे जाते. तिच्यात 18-20 टक्के तेल असतं, पण लव आणि टरफलासकट पिळल्यावर हाती 12-13 टक्केच लागतं. बाकीचं ढेपेत, म्हणजे जनावरांना घालायच्या पेंडीत राहतं. गिरणीवाल्याचं हे नुकसान म्हशीच्या पथ्यावर पडतं! सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्यही असतं. रवंथ करणारी मोठी जनावरं ते बऱ्यापैकी पचवतात, कोंबड्यांना मात्र बाधतं. कच्चं तेल त्यामुळेच काळपट लाल दिसतं आणि शुद्ध केल्याशिवाय खाण्याजोगं होत नाही.

आता हिशेब. रुईचा भाव जागच्या जागी असताना सरकी क्विंटलमागे 100 रुपयांनी चढली, तर कापसाला सुमारे 63 रुपये जास्त परवडतात. म्हणून गाडी भरण्याआधी सरकीचा आणि तिच्या ढेपेचा भावही विचारावा. रुईच्या भावाची चर्चा पारावर होते, ढेपेची फारशी होत नाही.

शेतात उरते ती पऱ्हाटी. पूर्वी ती चुलीत आणि कुडात जायची. आता यंत्राने बारीक करून जमिनीत गाडतात किंवा जळाऊ विटांसाठी देतात. ओलिताच्या शेतात मात्र फरदडीचा, म्हणजे पऱ्हाटी न उपटता पाणी देऊन पीक पुढे चालू ठेवण्याचा मोह होतो. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने हाहाकार केला, तेव्हापासून फरदड घेऊ नका असं सतत सांगितलं जातं. ही अळी बोंडात शिरून सरकीच खाते, कधी दोन सरक्या जोडून आत सुप्तावस्थेत राहते आणि कापसाबरोबर जिनापर्यंत पोचते. म्हणून जिनिंगच्या आवारात, सरकीच्या ढिगाजवळही कामगंध सापळे लावायला सांगतात.