करवतयंत्राच्या बिडाच्या टेबलावरील गंज : मधपेटी तयार करणाऱ्यांसाठी काही सूचना

मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात मधमाशीच्या जाती, फुलोऱ्याचे वेळापत्रक आणि रोग-किडी यांवर सविस्तर चर्चा होते. मधपेटी ज्या सुतारशाळेत तयार होते, तिच्याकडे मात्र आम्हा कीटकशास्त्रज्ञांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक पेटीतील अनेक अडचणींचे मूळ तिच्या मापांत असते. मधमाश्यांना ये-जा करण्यासाठी चौकटींच्या भोवती जी मोकळी जागा ठेवावी लागते, तिला ‘बी स्पेस’ म्हणतात. लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये या अंतराचे महत्त्व ओळखून हलत्या चौकटींची पेटी सिद्ध केली. युरोपीय मेलिफेरा मधमाशीसाठी हे अंतर साधारण 6 ते 9 मिलिमीटर असते. आपल्या सातेरीसाठी ते थोडे कमी ठेवतात. अंतर वाढले की माश्या मधल्या जागेत आडवे पोळे बांधतात. ते कमी झाले की मेलिफेरा ती फट राळेसारख्या प्रोपोलिसने बुजवते आणि चौकट उचलताना पोळे फाटते. कोठीचे सांधे नीट बसले नाहीत, तर त्या फटी मेणपतंगाच्या अळ्यांना लपण्यासाठी सोयीच्या होतात. थोडक्यात, येथे सारा प्रश्न दोन-तीन मिलिमीटरांचा आहे.

हे माप सांभाळण्याचे काम टेबल-सॉ, म्हणजेच टेबलात बसविलेली गोल करवत, करते. चांगल्या यंत्राचा वरचा पृष्ठभाग बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा असतो. बीड जड असते, कंपने शोषून घेते आणि घासून सपाट केले की दीर्घकाळ सपाट राहते. परंतु हा पृष्ठभाग रंगविता येत नाही, कारण त्यावरून फळी सरकवायची असते. परिणामी तो उघडा राहतो आणि पावसाळ्यात एका रात्रीत त्यावर तांबूस थर दिसू लागतो. अनेकांना हा केवळ दिसण्याचा दोष वाटतो. तो तेवढाच नाही. गंजामुळे घर्षण वाढते, फळी अडखळत पुढे जाते, तिची कड मार्गदर्शक पट्टीपासून (जिला कारागीर ‘फेन्स’ म्हणतात) किंचित सुटते आणि काप वाकडा येतो. याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. अडखळणाऱ्या फळीला कारागीर अधिक जोर लावतो. अशा वेळी फळी एकाएकी सुटली तर हात पात्याकडे घसरतो. फळी तिरपी होऊन पात्यात अडकली तर ती उलट उसळून अंगावर येऊ शकते. टेबल गुळगुळीत ठेवण्याचे पहिले कारण हेच मानावे.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गळक्या छपराखाली नसलेले टेबलही का गंजते, हे समजून घेण्यासारखे आहे. बिडाचे टेबल जड असल्याने ते हवेपेक्षा सावकाश तापते. पहाटे त्याचे तापमान 24 अंश सेल्सिअस असेल आणि सकाळी दार उघडल्यावर 28 अंश तापमानाची, 85 टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा आत आली, तर तिचा दवबिंदू 25 अंशांच्या थोडा वर असतो. म्हणजे टेबलावर दव धरणारच. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसाच हा प्रकार आहे. कोकण किनारपट्टीवर, केरळात, कोडगूत किंवा ईशान्येकडील राज्यांत हे महिनोन् महिने चालते. किनाऱ्यालगत हवेतील क्षारांची त्यात भर पडते. मीठ ओलावा धरून ठेवते आणि गंजण्याची क्रिया वेगाने पुढे नेते. घामेजलेल्या हाताचा ठसासुद्धा दुसऱ्या दिवशी टेबलावर गंजरूपाने उमटतो, तो याच कारणाने.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बहुतेक ठिकाणी सुतारकामाची शेड आणि खतांचे गोदाम एकच असते. म्युरेट ऑफ पोटॅश हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचेच भावंड आहे. युरिया व अमोनियम सल्फेटही हवेतील ओलावा ओढतात. फाटक्या पोत्यातील धूळ टेबलावर बसली की नुसते फडके मारून भागत नाही. धान्य धुरीकरणाचा फॉस्फीन वायू तर तांबे व पितळ यांना, विशेषतः दमट हवेत, खातो. यंत्राची मोटर आणि विजेची बटणे त्यामुळे निकामी होऊ शकतात. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या वापरावर कायद्याचे निर्बंध आहेत हे विस्तार कार्यकर्त्यांना सांगणे नलगे. परंतु परवानाधारक संस्थेकडून धुरीकरण होणार असेल, तरीही यंत्र त्या खोलीत असू नये. खते व यंत्र वेगळे करण्याने जितका फरक पडतो, तितका कोणत्याही महागड्या फवाऱ्याने पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओले लाकूड टेबलावर रात्रभर ठेवू नये. बाभूळ, खैर यांसारख्या टॅनिनयुक्त लाकडाचा ओलसर तुकडा लोखंडावर निळसर काळा डाग पाडतो. भुशाचेही तसेच आहे. तो हवेतील ओलावा शोषतो आणि ओल्या पोटिसाप्रमाणे लोखंडाला चिकटून राहतो. काम संपल्यावर दोन मिनिटे ब्रश फिरविणे हा गंजावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

गंज धरलाच असेल, तर सफाईपूर्वी यंत्राचा प्लग काढावा; केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पाते पूर्ण खाली घ्यावे किंवा काढून ठेवावे. प्रथम रॉकेल अथवा टर्पेंटाईनने राळ आणि तेलकट मळ पुसून घ्यावा. हलक्या गंजावर रॉकेलचे थोडे थेंब टाकून नायलॉनच्या घासणीने घासावे. गंज जाड असेल तर त्याचे पापुद्रे सुरुवातीस पात्यासारख्या पातळ खरवडणीने, ती जवळजवळ आडवी धरून, काढावेत. त्यानंतर 400 क्रमांकाचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून संपूर्ण टेबलावर एकाच दिशेने लांब हात फिरवावेत. डागाच्या जागी बोटाने घासत बसण्याचा मोह टाळावा. तेथे खळगा पडतो. ग्राइंडर तर या कामासाठी हातीच घेऊ नये. गंज निघाल्यानंतर मागे राहणारे काळसर डाग निरुपद्रवी असतात. बोटाला खरखर लागत नसेल तर ते तसेच राहू द्यावेत. टेबलातील खाचा विसरू नयेत. पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळून त्या साफ कराव्यात.

चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी गंज निघतो हे खरे आहे. पण आम्लाचा अंश बिडाच्या सूक्ष्म रंध्रांत राहिला की तासाभरात नवा गंज येतो. शौचालय साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये; त्याची वाफसुद्धा शेजारच्या अवजारांना गंजविते. फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजनाशक अधिक बरे असते, परंतु त्याने पृष्ठभाग करडा होतो. म्हणून आधी कोपऱ्यात चाचणी घ्यावी, दिलेल्या वेळेनंतर ते पूर्ण पुसावे आणि टेबल लगेच कोरडे करावे.

स्वच्छ झालेले बीड संरक्षणाशिवाय ठेवू नये. त्याच दिवशी त्यावर मेण चढवावे. स्वयंपाकघरातील बिडाचा तवा तेलाने टिकतो, म्हणून टेबलालाही गोडेतेल लावण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. तव्यावरचे तेल आचेवर कडक होते. टेबलावरचे तेल मात्र महिनाभर चिकट राहते आणि त्यात भुसा रुतून बसतो. वापरलेले इंजिन ऑइल पेटीच्या लाकडाला लागते, म्हणून तेही वर्ज्य. सिलिकॉन असलेल्या मोटार-पॉलिशचा अंश फळीवर उतरतो आणि पेटीला बाहेरून दिलेला रंग तेथे धरत नाही.

मधमाशीपालकाच्या घरीच उत्तम साहित्य असते. स्वच्छ गाळलेले मधमाशीचे मेण साधारण 62 ते 65 अंश सेल्सिअसला वितळते. एक भाग मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे; ते चुलीपासून दूर, शक्यतो उघड्यावर नेऊन मगच त्यात सुमारे तीन भाग टर्पेंटाईन मिसळावे. टर्पेंटाईनची वाफ सहज पेट घेते, म्हणून जवळ ज्योत किंवा विडी असू नये. थंड झाल्यावर लोण्यासारखे मलम तयार होते. कोरड्या, किंचित कोमट टेबलावर त्याचा अगदी पातळ हात द्यावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि सुती फडक्याने हात घसरेपर्यंत घासावे. थर जाड राहिला तर तो चिकटतो. मधमाशीचे मेण कार्नौबा मेणापेक्षा मऊ असल्याने ही काळजी अधिक घ्यावी लागते. वापरलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेटू शकतात; बाहेर पसरून वाळवावीत.

यंत्र पावसाळाभर बंद राहणार असेल तर केवळ मेण पुरणार नाही. अशा वेळी पेट्रोलियम जेलीचा किंवा यंत्रतेलाचा थर द्यावा, त्यावर मेणकागद दाबून बसवावा आणि वरून जाड सुती चादर घालावी. प्लॅस्टिकची ताडपत्री टेबलाला घट्ट लपेटू नये. तिच्या आत दव साचते. हंगाम सुरू करताना हा थर टर्पेंटाईनने संपूर्ण काढून पुन्हा मेण लावावे, अन्यथा पहिल्या दहा-वीस फळ्या तेलकट निघतील.

पावसाळ्यात दर आठवड्याला आणि इतर वेळी महिन्यातून एकदा टेबलावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा गोल राहिला तर मेण शाबूत आहे. पसरला तर मेणाचा नवा हात द्यावा. दोन्ही वेळी तो थेंब लगेच टिपून घ्यावा.