सायबर गुन्हा म्हणजे नेमकं काय? संशोधनाआधी कायदा असा वाचा

संशोधनाचा विषय विचारला की हल्ली बरेच विद्यार्थी 'सायबर गुन्हे' असं सांगतात. विषय चांगलाच आहे, पण पहिल्याच पानावर एक अडचण येते. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये 'सायबर गुन्हा' या शब्दाची व्याख्याच नाही. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेला हा कायदा मुख्यतः इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि डिजिटल सह्यांना मान्यता देण्यासाठी आला होता. गुन्ह्यांची बरीचशी कलमं २००८ च्या दुरुस्तीने आली आणि ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली.

मग व्याख्या शोधायची कुठे? कलम ४३ आणि ६६ शेजारी ठेवून वाचा. मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या संगणकात शिरणं, डेटा कॉपी करणं, व्हायरस सोडणं, यंत्रणा बंद पाडणं ही सगळी कृत्यं कलम ४३ मध्ये आहेत. त्यासाठी नुकसानभरपाई मागता येते. ५ कोटी रुपयांपर्यंतचे असे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं, तर कलम ६६ लागतं. त्याची शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

समजा, नोकरी सोडलेल्या माणसाने जुना पासवर्ड वापरून कंपनीची ग्राहकयादी उतरवून घेतली. परवानगी नव्हती, म्हणजे कलम ४३ आलंच. ती यादी विकून पैसे कमवायचा हेतू होता, हे सिद्ध झालं तर ६६. कृत्य एकच, फरक हेतूचा. म्हणून परवानगी आणि हेतू हे दोन प्रश्न प्रत्येक प्रकरणाला विचारायची सवय लावून घ्या.

दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख लबाडीने वापरली तर ६६सी, तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवलं तर ६६डी. पण फसवणुकीचं कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, त्यामुळे एकाच तक्रारीत दोन्ही कायद्यांची कलमं दिसू शकतात. आकडेवारी वापरताना कोणती प्रकरणं मोजली आहेत, हे आधी तपासा.

आता ६६ए बघा. 'त्रासदायक' संदेश पाठवणं या कलमाने गुन्हा ठरवलं होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर एका तरुणीने प्रश्न विचारला, दुसरीने ती पोस्ट लाइक केली. पालघरमध्ये दोघींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी 'श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरीही पुढची काही वर्षं त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. शेवटी २०२२ मध्ये, या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, असं न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. म्हणजे कायद्याची जुनी प्रत वाचून थांबू नका. दुरुस्त्या आणि निकाल बघाच, आणि पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष काय लागू होतं तेही बघा. तुमच्या संशोधनाचा प्रश्न बहुधा या फटीतच सापडेल.

शेवटचा मुद्दा तुमच्या स्वतःच्या कामाचा आहे. एखाद्या संकेतस्थळावरून प्रोग्रॅम लावून डेटा उचलायचा असेल, किंवा कॉलेजच्या सर्व्हरची सुरक्षा तपासायची असेल, तर कलम ४३ तुम्हालाही लागू शकतं. 'संशोधनासाठी केलं' अशी वेगळी सूट त्यात लिहिलेली नाही. हेतू चांगला असेल तर ६६ च्या विरोधात बाजू मांडता येईल, पण ४३ चा पहिला प्रश्न परवानगीचाच आहे. ती आधी घ्या, लेखी घ्या आणि संशोधन आराखड्याला जोडा. मार्गदर्शक ती मागतील तेव्हा धावपळ करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.