वेगाला जागा हवी

लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेस डोंगर ओलांडून गेले की मोहावीचे वाळवंट लागते. या वाळवंटात फार पूर्वी आटून गेलेली काही सरोवरे आहेत. हिवाळी पावसाने त्यांत थोडेसे पाणी साचते, वारा ते इकडून तिकडे लोटत राहतो आणि उन्हे तापली की मागे उरते ती सारवलेल्या अंगणासारखी सपाट, टणक जमीन. मुरॉक नावाचे असेच एक कोरडे तळे सुमारे ४४ चौरस मैल पसरले आहे. तेथे झाड नाही, दगड नाही, वळण नाही. अमेरिकेत ज्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात त्या मोटारींची जडणघडण याच जमिनीवर झाली. मोटारी आधी आल्या, नाव मागाहून पडले.

हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्त मोटार घ्यायची, तिच्या अंगावरचे ओझे उतरवायचे आणि पोटात तिच्या ऐपतीबाहेरची ताकद भरायची. या उद्योगाला खरी चालना मिळाली ती फोर्ड कंपनीच्या १९३२ सालच्या मोटारीने. तोवर आठ सिलिंडरांचे इंजिन ही बहुतेक श्रीमंतांच्या गाड्यांचीच मिरास होती. फोर्डच्या कारखान्याने आठही सिलिंडर एकाच ओतकामात साधले आणि ६५ अश्वशक्तीची ही गाडी, साध्यातली साधी घेतली तर, पाचशे डॉलरांच्या आत मिळू लागली. पुढे याच गाड्या भंगाराच्या आवारांत येऊन पडू लागल्या, तेव्हा खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांना जणू घबाडच गवसले.

मग घरामागच्या गॅरेजात रात्री जागू लागल्या. मडगार्ड, दिवे, पुढची काच, जे जे काढता येईल ते काढले जाई. एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन-तीन बसवले जात. सिलिंडरांवरचे सपाट झाकण तासून हवा व इंधनाचे मिश्रण अधिक दाबले जाईल अशी तजवीज होई. कॅमशाफ्टचे उंचवटे नव्याने घासून घेतले की झडपा जास्त उघडत आणि जास्त वेळ उघड्या राहत. या इंजिनाची एक खोड मात्र कुणालाच पुरती घालवता आली नाही. जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या वाटा इंजिनाच्या ठोकळ्यातूनच जात असल्यामुळे ते चटकन तापे. या पोरांपैकी फारच थोड्यांनी यंत्रशास्त्राचे पुस्तक उघडले असेल. पण कान लावून इंजिनाचे दुखणे ओळखणारे हात त्यांच्यात पुष्कळ होते.

आरंभी मुरॉकवर अनेक गाड्या एका रांगेत सोडल्या जात. पहिल्या गाडीला समोरचे दिसे. बाकीचे तिच्या धुळीत अंदाजाने गाडी हाकीत. यात अपघात न होते तरच नवल. १९३७ साली काही क्लब एकत्र आले आणि सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. १९३८ च्या मे महिन्यात तिने मुरॉकवर पहिली रीतसर शर्यत भरवली. पुढे एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळाने तिचा वेग मोजायचा, ही पद्धत रुळली. नियम पोलिसांनी लादले नव्हते, शर्यतवाल्यांनी स्वतःच घातले होते. म्हणूनच ते टिकले असावेत.

पण जागा टिकली नाही. मुरॉकवर लष्कराची नजर होतीच. ते हवाई दलाकडे गेले. १९४७ साली याच तळ्यावरील आकाशात चक यीगर यांनी ध्वनीहून अधिक वेगाने विमान नेले आणि १९८१ साली ‘कोलंबिया’ हे अवकाशयान तेथेच उतरले. शर्यतवाले एल मिराज नावाच्या लहान तळ्याकडे वळले.

महायुद्ध संपले आणि विमाने, रणगाडे दुरुस्त करून हात बसलेले तरुण घरी परतले. लढाऊ विमानांच्या पोटाखाली टांगायच्या, थेंबाच्या आकाराच्या इंधनटाक्या भंगारात स्वस्त विकल्या जात होत्या. बिल बर्क यांनी १९४६ साली अशा टाकीत इंजिन बसवून मोटार बनवली. टाकीचा आकार वारा कापण्यासाठीच घडवलेला, तेव्हा ही युक्ती फळली यात आश्चर्य नाही. ॲलेक्स झिडियस यांची अशीच एक टाकी-मोटार १९५२ साली ताशी १९८ मैलांपर्यंत गेली.

मात्र तळी शहरापासून दूर होती आणि शहरातले रस्ते दाराशी होते. मध्यरात्री चौकाचौकांत शर्यती लागत, ज्यांचा शर्यतीशी काही संबंध नाही अशी माणसेही जखमी होत, आणि ‘हॉट रॉड’ हा शब्द वर्तमानपत्रांत शिवीसारखा छापला जाऊ लागला. १९४८ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस येथे या मोटारींचे एक प्रदर्शन भरले आणि त्याच सुमारास ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. त्यांचे म्हणणे साधे होते: मुलांना रस्त्यावरून उठवायचे तर त्यांना दुसरी जागा द्या. तसा प्रयोग झालेलाही होता. १९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या एका धावपट्टीवर सी. जे. हार्ट यांनी तिकीट लावून पाव मैलाच्या सरळ शर्यती सुरू केल्या होत्या. १९५४ साली पार्क्स यांच्या संस्थेने चार जणांची एक तुकडी मोटार व मागे जोडलेली गाडी देऊन देशभर पाठवली. गावोगावी जाऊन धावपट्टी कशी आखावी, मोटारीची तपासणी कशी करावी हे ती शिकवी. तिचे प्रमुख होते पोमोना पोलीस दलातील सार्जंट बड कून्स! ज्यांनी दंड ठोकायचा तेच शर्यत आखून देऊ लागले.

धोका मात्र पुरता कधीच गेला नाही. २००८ साली एका स्पर्धकाचा मृत्यू झाल्यावर सर्वांत वेगवान गटांची धाव १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणण्यात आली.

सगळ्यांनाच वेग हवा होता असेही नव्हे. काहींना मोटार देखणी हवी होती. छताचे खांब कापून ते खाली बसवायचे, सांधे शिशाने भरून गुळगुळीत करायचे, असे हे काम. बॅरिस बंधूंच्या कारखान्यात घडवलेली १९५१ ची मर्क्युरी मोटार, ‘हिरोहाटा मर्क’, १९५९ साली एका शाळकरी वयाच्या मुलाने ५०० डॉलरांना घेतली आणि पुढे जवळजवळ साठ वर्षे जपली. २०२२ साली ती लिलावात सुमारे वीस लाख डॉलरांना गेली.

१९६४ साली पाँटियाकने मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ विकायला काढली. भंगारातल्या पोरांची युक्ती कारखान्याने उचलली, इतकेच. महागलेला विमा, धुराविषयीचे नवे कायदे आणि १९७३ चे तेलसंकट यांनी ती लाट ओसरली.

जागेची अडचण मात्र मिटली नाही. सांता आनाच्या शर्यती १९५९ साली बंद पडल्या. १९४९ पासून यूटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरावर दर उन्हाळ्यात वेगसप्ताह भरतो. पण तेथील मिठाचा थर पातळ होत चालला आहे. शेजारी पोटॅश काढण्यासाठी वर्षानुवर्षे खारे पाणी उपसले जाते. त्याचा यात वाटा किती, यावर वाद आहे. मीठ परत सोडण्याचे प्रयोगही झाले. तरीही २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे, आणि पुन्हा २०२२ साली, पाणी साचल्यामुळे वा पृष्ठभाग बिघडल्यामुळे सप्ताह रद्द करावा लागला. एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर मात्र १९३७ सालची तीच संस्था अजून शर्यती भरवते. गाड्या आजही एकेकच सोडतात आणि मागची धूळ खाली बसेपर्यंत पुढच्याला थांबावे लागते.