कारखान्याचें दप्तर आणि त्याचे राखणदार

पिंपरी-चिंचवड म्हटलें कीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें कारखान्यांचीं छपरें आणि पाळी सुटल्यावर रस्त्यांत लोटणारी माणसांची रीघ उभी राहते. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळांवर कारखान्यांच्या ओळी लागल्या. पुढें हाच उद्योग इंद्रायणी ओलांडून चाकणला पोंचला. ह्या पट्ट्यांत कारागीर म्हणजे कातारी, जोडारी किंवा सांचे घडविणारा, अशी आपली जुनी समजूत आहे. ती खोटी नाहीं, पण आतां अपुरी झाली आहे. आज ह्याच कारखान्यांत असा एक कारागीर लागतो, कीं ज्याच्या हातांना तेल लागत नाहीं, ज्याचें काम कोणाला दिसत नाहीं, आणि जो चुकला तर कातारी व जोडारी ह्या दोघांनाहि हातावर हात ठेवून बसावें लागतें. हा कारागीर म्हणजे सर्व्हर व डेटाबेस ह्यांची राखण करणारा तंत्रज्ञ. त्याचें शिक्षण महाविद्यालयांत कसें होतें आणि कसें व्हावें, ह्याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम हे शब्द समजून घेऊं. सर्व्हर हाहि एक संगणकच; मात्र तो एका माणसासाठीं नसून, अनेक संगणकांच्या मागण्यांना उत्तर देण्यासाठीं अहोरात्र जागा असतो. गोदामांतील कारकुनाचा संगणक विचारतो, अमुक क्रमांकाची पेटी आली काय? सर्व्हर त्याला उत्तर देतो. हीं प्रश्नोत्तरें ज्या तारांवरून व यंत्रांमधून जातात तें नेटवर्क. आणि ज्या शिस्तशीर नोंदींतून उत्तर काढावयाचें तो डेटाबेस. पुण्याचें पेशवे दप्तर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हें कठीण वाटूं नये. रुमालांत बांधलेले असंख्य कागद असले, तरी कोणत्या रुमालांत काय आहे हें सांगणारी यादी व जाणता दप्तरदार नसेल, तर ते कागद असून नसल्यासारखेच.

एडगर कॉड ह्या विद्वानानें आयबीएम कंपनींत काम करीत असतां १९७० सालीं असें सुचविलें कीं, सर्व माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, ते तक्ते समान खुणांनीं एकमेकांशीं जोडावे, आणि विचारणाऱ्यानें काय पाहिजे एवढेंच सांगावें. तें कोठें व कसें सांपडेल हें यंत्रानें पाहावें. आज बँकांचे व कारखान्यांचे बहुतेक हिशेब ह्याच पद्धतीवर उभे आहेत. विद्यार्थी जी एसक्यूएल नांवाची भाषा शिकतात, ती ह्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा होय.

आतां ह्याचा चाकणशीं संबंध काय, तें पाहूं. मोटारीचा कारखाना मोटारीचे सगळेच भाग स्वतः करीत नाहीं. आसनें, दिवे, तारांचे जुडगे, रबरी नळ्या, असें कितीतरी सामान आसपासच्या लहानमोठ्या पुरवठादारांकडून येतें. तें महिनोन्महिने सांठवून ठेवणें खर्चाचें असल्यामुळें, लागेल तेव्हां आणि लागेल तेवढाच माल आणण्याची पद्धत रूढ झाली आहे. लाइनवर पुढें येणाऱ्या गाडीचें चक्र डावीकडे कीं उजवीकडे, आसन कोणत्या रंगाचें, हा निरोप सर्व्हरच्या मार्गानें पुरवठादाराकडे जातो. निरोप थांबला कीं थोड्याच वेळांत लाइन थांबते.

ह्याचें ठळक उदाहरण जपानांत घडलें. २९ ऑगस्ट २०२३ रोजीं टोयोटा कंपनीचे त्या देशांतील १४ कारखाने बंद पडले. संप नव्हता, भूकंप नव्हता, कोणा चोराचा हल्लाहि नव्हता. दोन दिवस आधीं सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या डेटाबेसची नेहमींची आवराआवर चालली होती. सांठलेली माहिती काढतां-मांडतांना डिस्कवरील जागा अपुरी पडली, आणि सर्व्हर बंद पडले. अशा प्रसंगासाठीं राखीव सोय होती. पण तीहि त्याच व्यवस्थेवर चालत असल्यामुळें तिचीहि तीच गत झाली. माहिती अधिक जागेच्या सर्व्हरवर हलविल्यावर ३० तारखेस काम पुन्हां सुरू झालें.

जागा मोकळी करतांना जागा कशी संपते, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर डेटाबेसच्या स्वभावांत आहे. चांगला डेटाबेस कोणताहि बदल पक्का करण्यापूर्वीं तो आपल्या रोजकीर्दींत लिहून ठेवतो, म्हणजे मध्येंच वीज गेली तरी काय झालें व काय राहिलें हें त्याला उमगतें. म्हणून नोंद खोडावयाची झाली तरी प्रथम लिहावें लागतें, आणि लिहावयास जागा लागते. ह्याच रोजकीर्दीमुळें एक मोठा गुण साधतो. शंभर आसनें गोदामांतून गेलीं, म्हणजे शिल्लक शंभरानें घटली पाहिजे आणि ग्राहकाच्या खातीं शंभर चढलीं पाहिजेत. हीं दोन्ही कामें तरी व्हावीं, किंवा एकहि होऊं नये; अर्धवट कांहीं राहतां कामा नये. ह्याला इंग्रजींतून आलेला ट्रान्झॅक्शन हा शब्द रूढ आहे.

दुसरें उदाहरण पुरवठादारांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १ मार्च २०२२ रोजींहि टोयोटाचे १४ कारखाने बंद होते. कारण कोजिमा ह्या एका पुरवठादाराच्या संगणकव्यवस्थेवर हल्ला झाला होता. महाकाय कारखान्याची साखळी तिच्या एका लहान कडीइतकीच बळकट असते. आपल्या पुण्यांतहि ऑगस्ट २०१८ मध्यें कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रांच्या मागण्यांना होकार-नकार देणाऱ्या व्यवस्थेच्या जागीं एक तोतया व्यवस्था उभी करून, चोरांनीं सुमारें ९४ कोटी रुपये लांबविले. तोतया ओळखणें हेंहि दप्तरदाराचें काम आहे.

हें शिकविण्याची सोय आपल्याकडे नाहीं असें नव्हे. दहावीनंतर तंत्रनिकेतनांतील तीन वर्षांची पदविका आहे, बारावीनंतर संगणकशास्त्राची पदवी आहे, अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी आहे. निगडीचें पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ पासून चालू आहे. १९८८ सालीं स्थापन झालेली आणि १९९१ मध्यें परम ८००० हा महासंगणक बांधणारी पुण्याची सी-डॅक ही संस्था पदवीधरांसाठीं निराळे वर्ग चालविते. नेटवर्क, संचालन-प्रणाली व डेटाबेस हे विषय ह्या अभ्यासक्रमांत आहेतच. तेव्हां उणीव विषयांची नाहीं; उणीव आहे ती संवयीची.

डिस्कवर जागा किती उरली हें पाहण्याची आज्ञा विद्यार्थी आरंभींच शिकतो. परंतु ती आज्ञा ठाऊक असणें निराळें, आणि प्रत्येक कामापूर्वीं ती न चुकतां देणें निराळें. परीक्षेंत तक्ते नीट मांडले कीं गुण मिळतात. रात्रीं दोन वाजतां बंद पडलेला सर्व्हर उठविण्याचा प्रश्न उत्तरपत्रिकेंत येत नाहीं. प्रयोगशाळेंत विद्यार्थ्याला नीट चाललेलें यंत्र मिळतें. नोकरींत मात्र त्याला बिघडलेलें यंत्र मिळतें, आणि पाठीमागें थांबलेल्या लाइनचे लोक उभे असतात.

माझ्या मतें प्रयोगशाळेंत तीन गोष्टी नेमानें व्हाव्या. पहिली, शिक्षकानें यंत्र मुद्दाम बिघडवून विद्यार्थ्याच्या स्वाधीन करावें: कधीं डिस्क भरून टाकावी, कधीं तार काढावी, कधीं एक तक्ता पुसून टाकावा. दुसरी, माहितीची प्रत काढणें एवढ्यावर गुण देऊं नयेत; त्या प्रतीवरून दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर सर्व माहिती पुन्हां उभी करून दाखविली, तरच द्यावे. जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं, ती न वाचलेल्या मृत्युपत्रासारखी. आंत काय निघेल कोणी सांगावें? शिवाय ती प्रत मूळ यंत्रापासून दूर असावी. टोयोटाचा धडा तोच आहे. तिसरी, विद्यार्थ्यानें केलेल्या प्रत्येक बदलाची तारीखवार व वेळवार वही ठेवावी. २०२२ च्या एप्रिलमध्यें सर्ट-इन ह्या सरकारी संस्थेनें, संगणकव्यवस्थेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या आणि हल्ल्याची वर्दी सहा तासांच्या आंत द्यावी, असें फर्माविलें. ज्याला वही ठेवण्याची संवय नाहीं, तो सहा तासांत काय सांगणार?

ह्या कामाला एक नैतिक बाजूहि आहे. सर्व्हरचा राखणदार सर्वांचे पगार, सर्वांचे भाव, सर्वांचीं पत्रें पाहूं शकतो. म्हणून ज्याला जेवढें काम, त्याला तेवढाच अधिकार, हा नियम त्यानें इतरांना लावण्यापूर्वीं स्वतःला लावला पाहिजे. किल्ली हातीं असून दार न उघडणें, हें ह्या धंद्याचें पहिलें शील होय.

भोसरी-चाकणच्या लहान कारखानदारांनाहि ह्यांत वांटा उचलतां येईल. पुष्कळ ठिकाणीं सगळा हिशेब टेबलाखालच्या एका संगणकावर असतो, आणि त्याची काळजी कोणाच्याच अंगावर नसते. जवळच्या महाविद्यालयांतील दोन विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखालीं कांहीं आठवडे बोलवावें. त्यांनीं खऱ्या माहितीची प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर उभी करून दाखवावी. कारखानदाराचें दप्तर सुरक्षित होईल, आणि विद्यार्थ्याला असें कांहीं शिकावयास मिळेल, जें कोणत्याहि पुस्तकानें त्याला दिलें नसतें. जें यंत्र पुन्हां उभें करतां येतें, तेंच यंत्र आपलें, एवढें त्यानें तेथून घेऊन जावें.