दोन मोटारींएवढे घर

मुंबईच्या उपनगरांत मोटारी कमी करण्याचा विषय निघाला की तो सामान्य माणसाच्या सोयीवर आलेली गदा म्हणून पाहिला जातो; परंतु या भागातील बहुसंख्य प्रवास पूर्वीपासून पायी, लोकलने, बसने आणि शेअर रिक्षाने होत आला आहे. अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाबाहेर सायंकाळी जो लोंढा उतरतो, त्यात स्वतःच्या मोटारीकडे जाणारे थोडेच असतात, आणि तरीही पदपथ फेरीवाले, दुचाक्या व खोदकाम यांनी व्यापलेला असल्यामुळे हा लोंढा उभ्या मोटारींच्या कडेकडेने रस्त्यातूनच वाट काढतो.

प्रश्न धावणाऱ्या मोटारीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, उभ्या मोटारीचा आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या मोटारीसाठी 2.5 मीटर रुंद व 5.5 मीटर लांब, म्हणजे 13.75 चौरस मीटर जागा धरली जाते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला 300 चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे 28 चौरस मीटरचे घर मिळते. दोन मोटारींना लागणारी जागा म्हणजे एका कुटुंबाचे घर, हे गणित नगररचनेच्या चर्चेत क्वचितच मांडले जाते. बोरिवली–मुलुंडमधील जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या जागी टॉवर उभे राहताना खालचे कित्येक मजले पोडियम पार्किंगला जातात आणि रस्त्यावरून चालणाऱ्याच्या वाट्याला दुकान किंवा खिडकी न येता नुसती भिंत येते.

रस्ता वाढवून कोंडी सुटत नाही, याला वाहतूकशास्त्रात ‘प्रेरित मागणी’ म्हणतात: नवी जागा मिळताच पूर्वी टाळल्या जाणाऱ्या फेऱ्याही मोटारीने होऊ लागतात आणि काही काळात रस्ता पुन्हा भरतो. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत उड्डाणपुलांची मोठी मोहीम झाली, आणि पश्चिम द्रुतगती मार्ग आजही रोज तुंबतो.

उलट दिशेचा एक प्रयोग मुंबई पोलिसांनी 27 मार्च 2022 रोजी सुरू केला. रविवारी सकाळी दोन तास काही रस्ते वाहनांना बंद ठेवण्यात आले. त्यांत लोखंडवाला, गोरेगावच्या माइंडस्पेसमागील रस्ता आणि मुलुंडची तानसा जलवाहिनी यांचा समावेश होता. मुले सायकली व स्केट्स घेऊन उतरली, ज्येष्ठांनी योगासने केली. लोकांना मोकळा रस्ता हवा आहे, एवढे त्यातून निर्विवाद दिसले. मात्र खरी गरज असलेले स्थानकाबाहेरचे रस्ते आणि कामाचे दिवस या प्रयोगाच्या बाहेरच राहिले.

बार्सिलोना शहराने 2016 पासून ‘सुपरब्लॉक’ ही पद्धत अवलंबिली आहे. तीत काही चौकांचा मिळून एक गट केला जातो, केवळ आरपार जाणारी वाहतूक त्याच्या कडेने वळवली जाते आणि आतील रस्त्यांवर रहिवाशांच्या गाड्या, रुग्णवाहिका व मालवाहू टेम्पो संथ गतीने येऊ शकतात. ही कल्पना मुलुंड पश्चिमेला विशेष लागू पडेल, कारण स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंतचा भाग मुळातच काटकोनी आखणीचा आहे. मोकळ्या झालेल्या कडेला झाडे लावता येतील, आणि असलेल्या झाडांच्या बुंध्यांभोवतीचे काँक्रीट काढून मुळांना पाणी व हवा मिळू देता येईल; पार्किंगच्या पट्ट्याला खेटून वाढणाऱ्या पर्जन्यवृक्षाला सध्या तेवढेही मिळत नाही.

अर्थात, पर्याय दिल्याशिवाय गाडी सोडा म्हणणे हा दांभिकपणा ठरेल. मेट्रोचे जाळे वाढते आहे. 2014 मध्ये वर्सोवा–घाटकोपर मार्ग सुरू झाला आणि जानेवारी 2023 मध्ये दहिसर–अंधेरी दरम्यानचे दोन मार्ग पूर्ण झाले. परंतु मेट्रोचा जिना उतरल्यावर घरापर्यंतचा शेवटचा टप्पा बेस्टच्या बसने गाठायचा असतो, आणि त्याच बसचे किमान भाडे मे 2025 मध्ये 5 रुपयांवरून 10 रुपयांवर गेले, तर सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर रात्रभर मोटार उभी करणाऱ्याला बहुतेक ठिकाणी एक पैसाही मोजावा लागत नाही.