गिअर ऑइलचा रकाना

आमच्या साडूंच्या मुलाने जुनी टाटा ४०७ घेतली, तेव्हा हिशेबाची वही आम्हीच घालून दिली. बी.कॉम. कुठेतरी कामी यावे! डिझेल, टायर, विमा, बँकेचा हप्ता, इंजिन ऑइल असे सारे रकाने आखले. गिअर ऑइलचा मात्र राहिला. मुखेडहून उदगीरला सोयाबीनची पोती नेताना चढावर दुसरा गिअर टाकला की पेटी करकर वाजू लागली, तेव्हा तो आठवला. हप्ता आठ दिवसांवर आला होता.

ही गाडी बाजारात आली १९८६ साली. तिच्या गिअरपेटीला तेल पाहायची कांडी नसते, म्हणून तिकडे कोणी पाहतच नाही. पण वाचकहो, हे तेल इंजिनासारखे जळत नाही. कमी झाले असेल तर ते गळलेच समजावे.

मिस्त्रीने आधी गाडी थोडी पळवून आणायला लावली. तेल कोमट झाले की पातळ होते आणि तळाचा कीस सोबत घेऊन येते. मग सपाट जागा, हँडब्रेक आणि चाकांना दगड. पेटीच्या बाजूचा भरायचा बोल्ट त्याने आधी सैल केला. खालचा आधी उघडून तेल सांडले आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी जागेवरच उभी! खालच्या बोल्टाला लोहचुंबक होते. त्यावर करडा लगदा दिसला. एवढी झीज चालते, दाताचे तुकडे निघाले असते तर पेटी उघडावी लागली असती. आमचा जीव भांड्यात पडला.

तेल मात्र निम्म्याहून कमी निघाले. पेटीच्या वरचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले होते. आतली हवा तापून फुगली की तिला वाट मिळत नाही, मग ती सीलमधून तेल बाहेर ढकलते. नुसते सील बदलले असते तर तेही गेले असते.

दुकानदाराने पेटीला आणि मागच्या क्राऊनला एकच डबा पुढे केला. तो घेऊ नये. क्राऊनच्या दातांवर दाब फार, म्हणून त्याच्या तेलात तेज रसायने असतात. त्यातली काही पेटीतल्या पितळी कड्यांना खातात. पुस्तिकेत लिहिले आहे तेच तेल मागावे आणि बाजूच्या छिद्रातून ओघळेपर्यंतच भरावे.

परदेशात गाडी चालवणाऱ्या आपल्या मुलांना ऑटोमॅटिक पेटी भेटते. तिथले तेल बहुधा लाल असते, आणि त्याच्याच दाबावर गिअर बदलतात. म्हणून तिला फिल्टर असतो. तेल काळपट झाले, करपल्याचा वास आला, की तेल व फिल्टर दोन्ही बदलावे. तळाचा पत्रा काढला तरी सारे तेल निघत नाही, बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते. भरताना हे ध्यानात ठेवावे.

काढलेले तेल आमच्या पोराने नालीत ओतायला उचलले होते, आम्ही थांबवले. कायद्याने हा घातक कचरा आहे, शिवाय नाली शेवटी कुणाच्या तरी विहिरीकडेच जाते. ते डब्यात भरून परवानाधारक खरेदीदाराला द्यायचे असते.

करकर पुष्कळ कमी झाली, पुरती गेली नाही. दुसऱ्या गिअरचे कडे झिजले आहे, हंगाम निघेल, असे मिस्त्री म्हणाला. हप्ता दोन दिवस उशिरा भरला. वहीत नवा रकाना आखून तारीख आणि किलोमीटर पोरानेच लिहिले.