टायटॅनियमची उच्च श्रेणीची रोड बाइक : निवडीच्या निकषांचे विवेचन

सारांश

टायटॅनियमची रोड बाइक ही महाग, दीर्घायुषी आणि म्हणूनच विचारपूर्वक निवडावयाची वस्तू आहे. बाजारात मात्र तिची निवड बहुधा धातूच्या नावावरून आणि वजनाच्या आकड्यावरून केली जाते. प्रस्तुत लेखात टायटॅनियमचे गुणधर्म, सायकलमधील त्याच्या उपयोगाचा इतिहास आणि फ्रेमची निर्मितिप्रक्रिया यांच्या आधारे निवडीच्या निकषांचा क्रम मांडला आहे. फ्रेमचे आयुष्य दीर्घ असल्यामुळेच शरीराशी जुळणारे माप आणि पुढील काळात सुटे भाग मिळण्याची शक्यता या दोन गोष्टींना अग्रक्रम द्यावा, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : टायटॅनियम, मिश्रधातू, फ्रेम, भूमिती, वेल्डिंग, ग्राहकनिर्णय

1. प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची आवड वाढली आहे. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा दोघांच्या संघात पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. अशा उदाहरणांमुळे नोकरदार व प्राध्यापकवर्गातही चांगल्या सायकलीविषयी जिज्ञासा निर्माण झाली आहे. ‘एकदाच घ्यावी आणि जन्मभर वापरावी’ या विचाराने अनेकांची दृष्टी टायटॅनियमकडे वळते.

अमेरिकेतील नामांकित निर्मात्यांच्या केवळ फ्रेमची किंमत साधारणतः 4 ते 7 हजार डॉलर असते. संपूर्ण सायकल दहा हजार डॉलरच्या पुढे सहज जाते. आयातशुल्क व वाहतूकखर्च वेगळा. म्हणजे हा निर्णय अनेक महिन्यांच्या वेतनाशी निगडित आहे. चूक झाल्यास ती सहजासहजी दुरुस्त होत नाही, कारण टायटॅनियमची फ्रेम झिजून किंवा गंजून आपोआप बाद होत नाही. न मानवणारी फ्रेमही तितकीच टिकते.

2. उद्दिष्टे

(1) टायटॅनियमच्या गुणधर्मांविषयीचे प्रचलित समज तपासणे.
(2) फ्रेमच्या निर्मितीतील गुणवत्तेची लक्षणे स्पष्ट करणे.
(3) ग्राहकास उपयुक्त ठरेल असा निकषांचा क्रम सुचविणे.

3. ऐतिहासिक पार्श्वभूमी

टायटॅनियमचा शोध 1791 मध्ये विल्यम ग्रेगर यांनी इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे लावला. तथापि, शुद्ध धातू मिळविण्यास 1910 साल उजाडले. विल्यम क्रॉल यांनी टायटॅनियम टेट्राक्लोराइडचे मॅग्नेशियमच्या साहाय्याने क्षपण करण्याची पद्धत विकसित केल्यावरच त्याचे औद्योगिक उत्पादन शक्य झाले. इल्मेनाइट हे त्याचे खनिज दुर्मीळ नाही. केरळच्या आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही ते आढळते. महाग आहे ती वाळूपासून धातूपर्यंतची प्रक्रिया. भारतात टायटॅनियम स्पंज तयार करणारा प्रकल्प केरळमधील चवरा येथे 2011 मध्ये कार्यान्वित झाला.

सायकलमध्ये या धातूचा प्रवेश 1970 च्या दशकात झाला. 1973 च्या टूर द फ्रान्सचे विजेते लुईस ओकान्या यांनी त्या स्पर्धेत डोंगराळ टप्प्यांसाठी ब्रिटिश बनावटीची टायटॅनियम सायकल वापरल्याची नोंद आहे. त्याच दशकात अमेरिकेत ‘टेलेडाइन टायटन’ ही फ्रेम बाजारात आली. ती मिश्रधातूची नसून शुद्ध टायटॅनियमची होती. शुद्ध टायटॅनियमचे ताणबल मर्यादित असल्याने तिला तडे जाण्याच्या तक्रारी आल्या.

1986 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील मर्लिन आणि टेनेसीमधील लाइटस्पीड या कंपन्यांनी कामास प्रारंभ केला. पुढे 3 टक्के अॅल्युमिनियम व 2.5 टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू सायकलसाठी सर्वमान्य झाला. या मिश्रधातूच्या नळ्या मुळात विमानांतील हायड्रॉलिक यंत्रणेसाठी वापरल्या जात. कोलोरॅडोतील मूट्स, मॅसॅच्युसेट्समधील सेव्हन सायकल्स इत्यादी निर्मात्यांनी हीच परंपरा पुढे नेली.

4. गुणधर्म आणि समज

‘टायटॅनियमची सायकल मुळातच मऊ चालते’ हे विधान वारंवार केले जाते. त्याची शास्त्रीय तपासणी आवश्यक आहे. पदार्थाचा ताठपणा यंग गुणांकाने मोजतात. पोलादाचा यंग गुणांक सुमारे 205, टायटॅनियम मिश्रधातूचा सुमारे 107 आणि अॅल्युमिनियमचा सुमारे 69 गिगापास्कल असतो. त्यांची घनता अनुक्रमे 7.85, 4.5 आणि 2.7 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. गुणांकास घनतेने भागल्यास तिन्ही धातूंची उत्तरे 24 ते 26 च्या दरम्यान येतात. म्हणजेच वजनाच्या तुलनेत तिन्हींचा ताठपणा जवळपास सारखा आहे.

मग फरक कोठून येतो? नळीच्या व्यासातून. पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्यास होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, वजन मात्र व्यासाच्याच प्रमाणात वाढते. उदाहरणार्थ, पोलादाची 28.6 मिलिमीटर व्यासाची नळी घेऊ. तेवढ्याच व्यासाची व भिंतीची टायटॅनियमची नळी जवळपास निम्मीच ताठ असेल. परंतु भिंतीची जाडी कायम ठेवून व्यास 34.9 मिलिमीटर केल्यास ताठपणा पोलादाच्या सुमारे 95 टक्क्यांपर्यंत पोहोचतो आणि वजन पोलादाच्या सुमारे 70 टक्केच राहते. यावरून असे दिसते की, सायकल ताठ असावी की लवचिक हे निर्माता नळ्यांच्या निवडीतून ठरवितो. त्यामुळे सर्व टायटॅनियम सायकली एकसारख्या चालतात असे मानणे योग्य नाही.

या धातूचे खरे सामर्थ्य अन्यत्र आहे. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर आपोआप तयार होतो. त्यामुळे घाम, पाऊस आणि खारी हवा यांचा त्यावर परिणाम होत नाही. रंग न दिलेली फ्रेम कोकणच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरही गंजत नाही. दुसरे असे की, ठरावीक मर्यादेखालील ताण कितीही वेळा आला तरी या धातूस शिणवटा येऊन तडा जाण्याची शक्यता अत्यल्प असते. अॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नसते.

5. निवडीचे निकष

5.1 शरीराचे माप व फ्रेमची भूमिती : हा पहिला निकष होय. पूर्वी सीटखालच्या नळीच्या लांबीवरून फ्रेमचे माप सांगत. आता ‘स्टॅक’ आणि ‘रीच’ ही दोन मापे अधिक विश्वसनीय मानली जातात. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे उभे अंतर म्हणजे स्टॅक आणि आडवे अंतर म्हणजे रीच. दोन व्यक्तींची उंची 170 सेंटिमीटरच असली, तरी एकीचे पाय लांब व धड आखूड असू शकते. तिला अधिक स्टॅक व कमी रीच लागेल.

यासाठी फ्रेम मागविण्यापूर्वी तज्ज्ञाकडून बसण्याची स्थिती मोजून घ्यावी. सध्याची सायकल मानवत असल्यास तिच्यावरील सीट व हँडल यांची स्थाने मोजून नव्या फ्रेमच्या तक्त्याशी ताडून पाहावीत. 90 ते 120 मिलिमीटरचा स्टेम आणि 30 मिलिमीटरपर्यंतच्या चकत्या वापरून ती स्थिती साधत असेल, तर तयार मापाची फ्रेम पुरेशी आहे. तसे होत नसेल तरच मापानुसार बनविलेल्या फ्रेमचा अतिरिक्त खर्च सार्थ ठरतो. शर्यतीची खाली वाकलेली स्थिती पस्तिशीत सुखावह वाटली, तरी पन्नाशीत वाटेलच असे नाही. वीस वर्षे वापरावयाच्या वस्तूबाबत हा विचार टाळता येत नाही.

5.2 टायरसाठी जागा : आरामाच्या दृष्टीने फ्रेमच्या धातूपेक्षा टायरचा प्रभाव कितीतरी अधिक असतो. त्रिकोणी रचनेची फ्रेम उभ्या दिशेने फारच थोडी दबते. हवेचा टायर मात्र प्रत्येक खड्ड्यावर दबतो. 25 मिलिमीटरच्या टायरऐवजी 32 मिलिमीटरचा टायर घेतल्यास हवेचा दाब बराच कमी ठेवता येतो आणि हादरे लक्षणीय घटतात. आपल्या रस्त्यांचा विचार करता किमान 32 मिलिमीटरचा टायर बसेल अशीच फ्रेम निवडावी. फ्रेमच्या मागील बाजूस तसेच पुढच्या चिमट्यातही ही जागा आहे का, हे पाहावे. मडगार्डसाठी छिद्रे असल्यास पावसाळ्यात उपयोग होतो.

5.3 नळ्यांचा दर्जा : मुख्य नळ्यांसाठी 3-2.5 मिश्रधातूच्या, सांधा नसलेल्या, थंड अवस्थेत ओढलेल्या व नंतर ताणमुक्त केलेल्या नळ्या हा प्रस्थापित मानदंड आहे. 6 टक्के अॅल्युमिनियम व 4 टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू अधिक बळकट असतो, परंतु त्याची नळी ओढणे कठीण असते. म्हणून तो मुख्यतः चाक बसविण्याच्या भागांसारख्या यंत्रावर कोरलेल्या भागांसाठी वापरतात. ‘6-4’ हा मोठा आकडा पाहून फ्रेम श्रेष्ठ ठरविणे अयोग्य होय. उच्च श्रेणीत नळीची भिंत टोकांना जाड आणि मध्ये पातळ ठेवून काहीसे वजन वाचवितात. हे काम खर्चिक आहे. नेहमीच्या सरावासाठी ते अनिवार्य नाही.

5.4 वेल्डिंग : किमतीतील फरकाचे मोठे कारण येथे आहे. सुमारे 430 अंश सेल्सिअसच्या वर टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून घेते आणि ठिसूळ होते. म्हणून वेल्डिंग करताना सांध्याच्या बाहेर तसेच नळीच्या आतही आर्गॉन वायूचे आवरण राखावे लागते. नळ्या अत्यंत स्वच्छ असाव्या लागतात. बोटांचा तेलकटपणाही चालत नाही. आवरण योग्य असल्यास सांधा चांदीसारखा चमकतो. फिकट पिवळसर छटा स्वीकारार्ह मानतात. गडद निळा किंवा जांभळा रंग हवेचा संसर्ग दर्शवितो आणि राखाडी भुकटीसारखा थर असल्यास सांधा नाकारावा. बाहेरील रंग घासून काढता येतो, म्हणून बॉटम ब्रॅकेटच्या नळीत डोकावून आतील बाजू पाहावी किंवा विक्रेत्याकडून तिचे छायाचित्र मागवावे. फ्रेम वेल्डिंगनंतर सरळ आहे की नाही हे निर्माता कसे तपासतो, हेही विचारावे.

5.5 सुटे भाग बसविण्याची प्रमाणके : फ्रेम तीस वर्षे टिकली, पण तिच्यात बसणारा भाग दहा वर्षांनी मिळेनासा झाला, तर टिकाऊपणा निरर्थक ठरतो. म्हणून बॉटम ब्रॅकेट आटे असलेले असावे. जुने इंग्लिश आट्यांचे प्रमाणक किंवा 2015 मध्ये आलेले टी-47 हे त्याचे दोन पर्याय आहेत. दाबून बसविलेल्या बेअरिंगसाठी नळी अचूक गोल असावी लागते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती किंचित बिघडल्यास करकर आवाज येतो. डिस्क ब्रेक व आरपार एक्सल ही आता सर्वत्र रूढ व्यवस्था आहे. ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून पूर्णतः आत नेलेली रचना देखणी दिसते, पण वरचे बेअरिंग बदलताना बहुतेक वेळा ब्रेकची नळी सोडावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी असे काम करणारा मिस्त्री मिळेलच असे नाही.

6. मर्यादा व देखभाल

टायटॅनियम हा सर्वांत हलका पर्याय नाही. त्याची फ्रेम साधारण 1.3 ते 1.6 किलोग्रॅमची असते, तर उत्तम कार्बन फ्रेम एक किलोग्रॅमपेक्षा बरीच कमी भरते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने 2000 पासून शर्यतीच्या सायकलसाठी 6.8 किलोग्रॅमची किमान मर्यादा लागू केली. टायटॅनियमची सायकल सामान्यतः तिच्या वरच राहते. ज्यांना शर्यत जिंकावयाची आहे त्यांच्यासाठी ही निवड नाही.

‘जन्मभर’ हा शब्द केवळ फ्रेमला लागू होतो. पुढचा चिमटा जवळजवळ नेहमी कार्बनचा असतो आणि अपघातानंतर तो तपासून आवश्यक तर बदलावा लागतो. टायटॅनियमवर टायटॅनियम घासल्यास ते परस्परांत धरून बसते. अॅल्युमिनियमची सीटपोस्ट ओलाव्याने आतच जाम होऊ शकते. म्हणून आटे व धातूची सीटपोस्ट यांना योग्य वंगणलेप लावावा आणि वर्षातून एकदा ते सोडवून पुन्हा बसवावे. निर्मात्याची हमी बहुधा मूळ खरेदीदारापुरतीच असते. दुरुस्तीसाठी फ्रेम परदेशी पाठविण्याचा खर्च कोण करणार, हे लेखी विचारून घ्यावे.

7. निष्कर्ष

(1) सायकलीचा ताठपणा केवळ धातूवर ठरत नाही. नळीचा व्यास व भिंत यांना त्यात निर्णायक महत्त्व आहे.
(2) टायटॅनियमचे वैशिष्ट्य गंजरोध व शिणवट्यास असलेला प्रतिकार, म्हणजेच दीर्घायुष्य, हे आहे.
(3) दीर्घायुष्याचा लाभ फ्रेम शरीरास मानवणारी असेल आणि तिचे भाग मिळत राहतील तरच होतो.
(4) म्हणून माप, टायरची जागा, आटे व प्रमाणके, वेल्डिंग, नळ्या आणि शेवटी वजन असा निवडीचा क्रम असावा.
(5) अंदाजपत्रक मर्यादित असल्यास फ्रेमवर खर्च करावा. गिअर व चाके पुढे बदलता येतात.

समारोप

महाग वस्तूची निवड करताना नावाचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु धातूचे नाव सायकल चालवीत नाही, चालविणारे शरीर वेगळे असते आणि ते वयानुसार बदलतही असते. ज्या खरेदीदाराने आधी स्वतःचे माप घेतले, आपले रस्ते ओळखले आणि जवळचा मिस्त्री कोणते काम करू शकतो हे जाणून घेतले, त्याच्यासाठी टायटॅनियमची फ्रेम खरोखर अखेरची खरेदी ठरू शकते. इतरांनी तेवढ्याच मापाची चांगली पोलादी फ्रेम घेऊन उरलेली रक्कम हाती राखणे अधिक शहाणपणाचे होईल.